निळ्या बायांची नक्कल

१२ मार्च

पोरी,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमन दारात उभा असतानाच वाचलं, म्हणजे त्यालाही कळलं असणार. कळण्यासारखं होतं तरी काय! "आई, निळ्या बायांचं चित्र अजून असेल तर पाठवाल का?" आणि खाली सही. तुम्ही दोघं वेगळे झालात आणि तू त्या लांबच्या शहरात निघून गेलीस, त्यानंतर आलेलं तुझं हे पहिलंच अक्षर. मी कार्ड उलटून पाहिलं, मागे आणखी काही आहे का म्हणून. मागे माझाच पत्ता होता.

चित्र आहे. तू गेल्यावर तुमच्या खोलीतून काढून माझ्या पलंगाशेजारी लावलं. माझा मुलगा म्हणाला, "टाकून दे ना ते." मी म्हटलं, "तुझं आता वेगळं घर आहे, तिथलं काय टाकायचं ते टाक. इथलं मी बघते."

तर पाठवते. थोडा वेळ लागेल. काच बदलायची आहे, आणि काचवाला म्हणजे आज या, उद्या या. तू घाई करू नकोस.

माझी तब्येत बरी आहे. गुडघे बोलतात, मी ऐकत नाही.

आई


२ एप्रिल

पोरी,

काचवाल्याची गोष्ट खोटी. आयुष्यभर कापड बेतलं, पण थापा मारताना माझं कापड नेहमी कमीच पडतं.

झालं असं, की माझ्या खोलीच्या भिंतीतला न्हाणीघराचा पाइप फुटला. मी आठवडाभर बहिणीकडे होते. परत आले तर भिंत फुगलेली आणि चित्राचा कागद पापडासारखा. चित्रातली म्हातारी बरीचशी वाचली आहे. धाकटीचा चेहरा मात्र गेला, तिथे नुसती बुरशी. तू चित्र मागितलंस त्याच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट. तरी मी ते भिंतीवरून काढलं नव्हतं.

तुझं कार्ड आल्यावर म्युझियमच्या दुकानात जाऊन आले, तू घेतलं होतंस तिथेच. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "ते आता छापत नाहीत. मांजरांची चित्रं बघा ना, छान आहेत."

म्हणून मी ते स्वतः रंगवायचं ठरवलंय. हसून घे आधी.

सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर चित्रांचा वर्ग चालतो. मास्तर पूर्वी नाटकाचे पडदे रंगवायचे. दाढीत कायम कुठला तरी रंग असतो. मला म्हणाले, "काय शिकायचंय?"

मी कागदाचा वाचलेला तुकडा पुढे ठेवला. "हे."

"हे? इथे किटली आणि सफरचंदापासून सुरुवात करतात."

"मला किटली कुणाला पाठवायची नाहीये."

ते उठले. कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं, धूळ फुंकली आणि पान उघडलं. अख्खं चित्र! धाकटीचा चेहरा इतक्या दिवसांनी पाहिला आणि मी खुर्ची ओढून बसले. मास्तर म्हणाले, "पाणी देऊ?" म्हटलं, "नको. कधीपासून येऊ ते सांगा."

तुला आता ते चित्र नको असेल तर तसं कळव. नाही कळवलंस तर मी शिकते आहे असं समज.

आई


२५ एप्रिल

पोरी,

तुझं उत्तर नाही, म्हणजे शिकणं चालू.

पहिल्या दिवशी मी आपली हुशारी दाखवायला गेले. गणवेशाच्या कारखान्यात इतकी वर्षं कटिंग केलं, रेघ कशी ओढायची ते मला कोण शिकवणार? घरून पातळ कागद नेला, पुस्तकावर ठेवला आणि दोघी बायांची कड न् कड उतरवून घेतली. मास्तरांनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "बाई, हा झगा नाही. हे कुणी अंगात घालणार नाहीये!"

मग त्यांनी पुस्तक उलटं केलं. पाय वर, डोकी खाली. म्हणाले, बाई काढायची नाही, डोळा काढायचा नाही, फक्त समोर जे दिसतं ते काढायचं. कसला तिरका पट्टा, कसला काळा कोपरा. तासाभराने कागद सुलटा केला, तर काय सांगू, माझ्या हातून हात निघाले होते! खरे हात, मोठाले, कपडे पिळून पिळून झालेत तसे. माझ्या शेजारी एक दातांचे डॉक्टर बसतात, ते फक्त जहाजं रंगवतात. तेसुद्धा उठून बघायला आले.

मास्तरांनी चित्राची गोष्ट सांगितली. धाकटी ती मरिया, येशूची आई होणार आहे. म्हातारी तिच्या नात्यातली. दोघींना दिवस गेलेत. धाकटी इतका डोंगर चढून म्हातारीला भेटायला आली आणि दारात उभी राहिली, तर म्हातारीच्या पोटातल्या बाळाने आनंदाने उडी मारली. मी मान डोलावली. मला माहीत होती गोष्ट. तूच सांगितली होतीस. चित्राची गुंडाळी उघडून पलंगावर पसरलीस आणि म्हणालीस, "ही मी आणि ही तुम्ही." मी म्हटलं, "मी काय एवढी म्हातारी दिसते?" तू म्हणालीस, "नाही हो आई, चित्रात जरा जास्तच तरुण काढलंय तुम्हाला." आणि इतकी हसलीस की पोट धरून बसावं लागलं. पाचवा संपत आला होता तुझा.

हे लिहावं की नाही, विचार करत होते. लिहून झालं आहे, आता खोडत नाही.

आई


१६ मे

पोरी,

आता कॅनव्हासवर आलो. दोन्ही बायांना काळ्या रेघांनी उभं केलंय आणि काल अंगाचे रंग सुरू केले.

मी मास्तरांना म्हटलं, "अंगाच्या रंगाची ट्यूब कुठली?" त्यांना हसू आवरेना. म्हणाले, तशी ट्यूब दुकानात मिळते, पण ती बाहुल्यांसाठी. मग त्यांनी रंग कालवायच्या पाटीवर हिरवा घेतला, जांभळा घेतला, निळा, थोडा गेरू, आणि पांढऱ्याचा हा एवढा गोळा. सुरीने उचलायचा आणि थापायचा. घासायचा नाही, बसवायचा. गालावर हिरवा ठेवला, त्याच्या अंगाला अंग लावून जांभळा, आणि तो हिरवा हिरवा राहिलाच नाही, नुसता थकलेला गाल झाला. मला जादूच वाटली.

दातांचे डॉक्टर म्हणाले, "पण मास्तर, माणूस असा निळा कुठे असतो? हे आपलं चित्रकारांचं काही तरी."

मास्तर सांगू लागले, की या चित्रकाराने म्हणे लढाईत जखमींच्या दवाखान्यात काम केलं होतं, तिथे त्याने काय काय पाहिलं असेल. मध्येच मी म्हटलं, "असतो निळा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ब्रश धुवायला बाहेर गेले. ब्रश स्वच्छच होता.

आज इतकंच लिहिते.

आई


७ जून

पोरी,

काल मास्तर मला म्युझियममध्ये घेऊन गेले. म्हणाले, पुस्तकावरून शिकणं म्हणजे फोटो बघून जेवणं. मूळ चित्र बघा.

अगं, केवढं आहे ते! माझ्याहून उंच. आणि रंग तर असे अंगावर येतात की मी दोन पावलं मागे सरकले. पुस्तकात जे तपकिरी दिसतं ते तिथे लाल आहे, रागावल्यासारखं लाल. बायांच्या मागचं दार पिवळं आहे. जवळ गेलं की बाई दिसत नाही, नुसती रंगाची ढेकळं. लांब गेलं की म्हातारीचे डोळे भरून आलेले दिसतात. मास्तर म्हणाले, "डोळे बघू नका, हात बघा."

मी हात बघितले. मी वर्गात म्हातारीचा हात धाकटीच्या खांद्यावर टेकवला आहे, पुस्तकात तसंच दिसतं. पण तो टेकलेला नाही. बोटं आणि खांदा यांच्या मध्ये बोटभर जागा सोडली आहे. तिथे रंगच नाही, कोरं कापड. म्हातारी हात लावायच्या आधी थांबली आहे. पोरगी "चालेल" म्हणेल की नाही, याची वाट बघते आहे.

शिवणात आपण कडेला थोडं कापड जास्त ठेवतो, पुढेमागे सैल करायला. त्याला आम्ही माया म्हणतो. मास्तरांना ते सांगितलं. जिना उतरताना त्यांनी माझी पिशवी घेतली.

वर्गात आल्यावर मी सुरीने रंग खरवडून तेवढी जागा मोकळी केली.

आता तुला विचारते. त्या दिवशी दवाखान्यात तू गुंगीत होतीस. तुला शुद्ध यायच्या आत सगळं उरकलं होतं. डॉक्टर म्हणाले, न बघितलेलं बरं. माझा मुलगा म्हणाला, "आई, तिच्याजवळ हा विषय काढायचा नाही." तूही कधी विचारलं नाहीस. पण मी तिथे होते, पोरी. मी बाळाला पाहिलं आहे.

तुला हवं असेल तर सांगेन. नको असेल तर हे पत्र फाडून टाक. मी परत त्याचं नाव काढणार नाही, आणि चित्र मात्र वेळेवर येईल.

आई


२९ जून

पोरी,

तुझं पत्र नाही. ठीक आहे. नुसती इकडची बातमी देते.

चित्र पूर्ण झालं, म्हणून घरी आणलं आणि सुकायला तुमच्या जुन्या खोलीत चित्र टेकवायच्या लाकडी घोड्यावर ठेवलं. रविवारी माझा मुलगा नळ बघायला आला. मी स्वयंपाकघरात चहा ठेवत होते. पाना घेऊन आत गेला तो बाहेरच येईना. जाऊन बघते, तर चित्रासमोर उभा.

"हे कुणी काढलं?"

"मी."

"तू?" मग म्हणाला, "अजून तेच घेऊन बसली आहेस का, आई?"

मी म्हटलं, "मी बसलेली नाही. उभी राहून काढलंय. पाय दुखतात माझे."

त्याला हसू आलं नाही. पूर्वी यायचं. बाहेर गेला, नळाची आदळआपट ऐकू आली, बराच वेळ. मला वाटलं, चिडला, आता चहा न घेताच जाणार. पण परत आला तो घोड्याजवळ जाऊन बसला. घोड्याचा एक पाय डुगडुगत होता, मी पुठ्ठा सारला होता. पुठ्ठा काढून त्याने पान्याने पाय घट्ट केला. हलवून पाहिला. पुन्हा घट्ट केला.

"तिला पाठवणार?"

"मागितलंय तिने."

"मग नीट बांध," म्हणाला. "कोपऱ्यांना लाकूड लाव. नाही तर थांब, मीच लावतो."

आणि लावलं. तुला जे खोकं येईल ते त्याच्या हातचं आहे. मी सांगितलं असं म्हणू नकोस. तो वाईट नाही गं. तो घाबरतो आणि घाबरला की गप्प बसतो. लहानपणापासून तसाच. तू परत यावंस म्हणून हे लिहीत नाही. तुझी वाट तू धरलीस, बरं केलंस.

आई


२१ जुलै

पोरी,

तुझं पत्र आलं. पोस्टमनसमोर उघडलं नाही या वेळी. आत नेलं, दार लावलं.

चित्र पोचलं, खोलीत लावलंस, धाकटीचं नाक वाकडं झालंय. मान्य. ते माझ्याच्याने शेवटपर्यंत सरळ झालं नाही. आणि खाली तू लिहिलं आहेस, "सांगा. सगळं सांगा, गोड करून नको."

सांगते.

मुलगी होती, ते तुला माहीत आहे. नर्सने तिला पुसून टॉवेलात गुंडाळलं आणि विचारलं, "कुणी घेणार आहे का?" माझा मुलगा दाराला हात लावून उभा होता. मी त्याला म्हटलं, "येतोस?" त्याने नाही म्हणून मान हलवली. मी पुढे झाले.

हलकी होती. घडी केलेल्या सदऱ्याइतकी. तू फोटोत पाहतेस तशा बाळांसारखी ती नव्हती. कातडी इतकी पातळ, की तिच्या आतले सगळे रंग बाहेर दिसत होते. तेव्हा माझ्याजवळ त्यांची नावं नव्हती, आता आहेत. कपाळ जांभळट लाल. डोळ्यांभोवती निळा, अगदी फिका. ओठ गडद, पिकलेल्या जांभळासारखे. वर्गात मी जेव्हा पाटीवर ते रंग एकमेकांशेजारी ठेवले तेव्हा मी ब्रश धुवायला बाहेर गेले ते म्हणून. भयंकर वाटलं का? नाही गं. मला ती सुंदरच वाटली. कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

केस होते. ओले, काळे, मानेवर एक वळण. खांद्यावर लव होती. डावा कान पुढे दुमडला होता, मी बोटाने सरळ केला, तो पुन्हा दुमडला. नखं होती, दहाही. तुझ्यासारखी हनुवटी, मध्ये खळी.

मी शिवलेलं झबलं पिशवीत होतं. ते तिला फार मोठं झालं. बाह्या दुमडल्या, पुन्हा दुमडल्या, तेव्हा हात बाहेर आले. तेव्हा मी रडले नाही. टाका घालताना आपण रडत नाही, सुई चुकते.

नर्स म्हणाली, "आजी, फार वेळ नाही हं." आजी! ती म्हणाली म्हणून मला कळलं, की मी आजी झाले आहे. मी तिच्या दुमडलेल्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "मी तुझी आजी. तुझी आई आत झोपली आहे, तिला उठता येत नाही. नाही तर तीच आली असती."

एवढंच बोलले. मग त्यांनी तिला नेलं.

तुला कुणी बाळ दाखवलं नाही. पण ती एकटी नव्हती, पोरी. तिला हातात घेतलं होतं, कपडे घातले होते, तुझं सांगितलं होतं.

यातलं काहीही आणखी विचारायचं असेल तर विचार. मला सगळं आठवतं.

आई


३० ऑगस्ट

पोरी,

"आई, तिला काढता येईल का?" तू लिहिलंस, आणि मला आधी नाहीच म्हणायचं होतं. मी नक्कल करणारी बाई. समोर पुस्तक नसेल तर माझ्याने किटलीसुद्धा होत नाही, खोटं वाटत असेल तर मास्तरांना विचार.

त्यांनाच विचारलं. "कशावरून काढणार?" म्हणाले.

"कशावरून नाही. समोर काही नाही."

"फोटो?"

"नाही."

ते दाढी खाजवत बसले. मग स्वतःच्या हाताने एक लहानसा कॅनव्हास ताणून दिला, वहीएवढा. म्हणाले, "आता माझं काही काम नाही. अडलात तर हाक मारा."

पहिलं चित्र भलतंच गोड झालं, साबणाच्या जाहिरातीतलं बाळ. खरवडलं. दुसऱ्यात भीतीच जास्त होती, तेही खरवडलं. तिसऱ्यांदा मी आधी निळा ठेवला. मग मला जे जसं आठवत गेलं तसा रंग बसवत गेले, घासला नाही. कान दुमडलेलाच ठेवला. मास्तरांना हाक मारली नाही. शेवटी तेच आले, मागे उभे राहिले आणि खिडकी उघडायला म्हणून निघून गेले.

माझ्या मुलाला मी दाखवणार नव्हते. तोच म्हणाला, "मला बघायचं आहे." टेबलावर आडवं ठेवलं. त्याने दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले आणि वाकला. मला वाटलं, आता निघून जाईल. पण म्हणाला, "हनुवटी तिची आहे." मग चष्मा काढला, आणि मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तो लहान असताना ताप चढला की फिरवायचे तसा. त्याने तुला काही निरोप दिलेला नाही. पण खोकं त्यानेच केलं आहे आणि या वेळी मला न विचारता.

आत मऊ कापड आहे, जुन्या साडीचं. त्यातली गाठ सैल आहे, लगेच सुटेल. उघडायचं की नाही, आज की कधी तरी, ते तू ठरव. नुसतं कपाटात ठेवलंस तरी मला राग नाही. उघडलंस तर उजेडात उघड, खिडकीजवळ. त्या रंगांना उजेड लागतो.

आणि एक सांभाळ. गालावर आणि कपाळावर रंग जाड बसला आहे, तो अजून आतून ओला आहे. सुकायला वेळ लागतो त्याला. बोट फिरवलंस तर थोडा हाताला लागेल.

लागू दे.

आई